‘नियुक्त’ की ‘नामनिर्देशित’? आणि ‘नकाराधिकार’ चालेल का?

प्रश्न
कॅनडाच्या सिनेटवरचा एक लेख मराठीत आणते आहे आणि दोन शब्दांपाशी अडले आहे. या वरिष्ठ सभागृहातल्या सगळ्या १०५ जागा नेमणुकीने भरतात. पंतप्रधान नावे सुचवतात, गव्हर्नर जनरल नेमतात आणि सदस्य वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत राहतो. ‘नामनिर्देशित सभागृह’ लिहू की ‘नियुक्त’? शिवाय घटनादुरुस्तीत त्याला जो अधिकार आहे, त्याला ‘नकाराधिकार’ म्हणता येईल का?

प्रतिसाद
‘नियुक्त’च लिहा. राज्यसभेच्या १२ सदस्यांसाठी आपल्या संविधानाच्या मराठी पाठात ‘नामनिर्देशित’ आहे, पण तो शब्द बोलण्यात रुजला नाही. वर्तमानपत्रांतही ‘राज्यपालनियुक्त आमदार’च असतात. ‘नामनिर्देशन’ म्हटले की आठवतो तो उमेदवारी अर्ज, कारण सरकारी भाषेत त्यालाच ‘नामनिर्देशनपत्र’ म्हणतात. नेमणुकीने भरणाऱ्या सभागृहाला तो शब्द लावला तर वाचक हमखास चकेल.

प्रतिसाद
‘नियुक्त’ मान्य. ‘नकाराधिकार’ मात्र अजिबात नको. तिथल्या १९८२ च्या घटना कायद्याचे ४७ वे कलम पाहा. प्रांतांच्या संमतीने करायच्या दुरुस्तीचा ठराव कॉमन्सने, म्हणजे तिथल्या कनिष्ठ सभागृहाने, केला आणि १८० दिवसांत सिनेटने केला नाही, तर कॉमन्सने तो पुन्हा मंजूर करायचा. मग सिनेटवाचून काही अडत नाही. न्यूफाउंडलंडमधल्या शाळांविषयीच्या दुरुस्तीच्या वेळी, १९९६ मध्ये, असेच झाले.

खरा नकाराधिकार आपल्या राज्यसभेकडे आहे. कलम ३६८ खाली दोन्ही सभागृहांची वेगवेगळी मंजुरी लागते, संयुक्त बैठकीची सोय नाही. पंचायत राजचे ६४ वे घटनादुरुस्ती विधेयक १९८९ मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि राज्यसभेत पडले. दोन्हीकडे एकच शब्द वापरला तर एवढा मोठा फरक पुसला जाईल. ‘विलंबाधिकार’ कसा वाटतो?

प्रश्नकर्ती
फरक पटला. पण ‘विलंब’ला दोषाचा वास येतो, विलंब शुल्कासारखा. सिनेटला मिळालेली मुदत तर फेरविचारासाठी आहे.

प्रतिसाद
मग जोडशब्दाचा हट्टच सोडा. मराठीत क्रियापदे हे काम चोख करतात: ‘नियुक्त सिनेट अशी दुरुस्ती १८० दिवस अडवून धरू शकते, मोडीत काढू शकत नाही.’

प्रश्नकर्ती
हेच वाक्य घेते.