'द सर्चर्स' आजच्या तरुणांना दाखवायचाय : लुकचा प्रसंग वगळावा का?

प्रश्न : जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' (१९५६) चित्रपट मंडळात दाखवायचा आहे. प्रेक्षक विशी-पंचविशीतले. कोमांची या आदिवासी जमातीनं पळवलेल्या पुतणीला, डेबीला, शोधत फिरणाऱ्या ईथनचा (जॉन वेन) कोमांचीद्वेष आणि त्याचा तरुण सोबती मार्टिन लुक या आदिवासी बाईला लाथ मारतो तो प्रसंग, दोन्ही आज डोळ्यांत खुपतात. लुकचा प्रसंग कापू का? आणि आधी किती बोलावं?

प्रतिसाद १ : कापू नका. घोंगडीचा सौदा समजून मार्टिन नकळत लुकशी लग्न करून बसतो, ती शेजारी येऊन निजली की लाथेनं तिला उतारावरून घरंगळवतो, आणि हे सगळं हसण्यासाठी घेतलेलं आहे. पुढे घोडदळानं उद्ध्वस्त केलेल्या वस्तीत तीच लुक मेलेली सापडते. पहिला भाग काढलात तर दुसऱ्यातली बाई कोण हेच कळणार नाही. लगेच नंतर कैद्यांना बर्फातून हाकताना 'गॅरीओवेन'ची धून वाजते. ती अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या सातव्या घोडदळाची. त्यानंच नोव्हेंबर १८६८ मध्ये वॉशिटा नदीकाठच्या शायान जमातीच्या वस्तीवर हल्ला केला होता. चित्रपटाची सुरुवातही १८६८ सालच्या टेक्ससमध्ये होते.

चर्चेत एक गल्लत हमखास होते. ईथनचा द्वेष चित्रपट स्वतः तपासतो. लुकची थट्टा मात्र चित्रपट स्वतःच करतो. पहिल्याचं श्रेय देऊन दुसऱ्यावर पांघरूण घालू नये.

प्रतिसाद २ : एक दगड चुकवू नका. कोमांची एडवर्ड्स कुटुंबाच्या घरावर हल्ला करतात त्या संध्याकाळी छोटी डेबी आजीच्या थडग्यापाशी लपते. दगडावर कोरलंय : मेरी जेन एडवर्ड्स, कोमांचींकडून मारली गेली, १२ मे १८५२. म्हणजे ईथनची आई. संवादात याचा उल्लेखच नाही. पुढे कोमांची सरदार स्कार सांगतो की त्याचे दोन मुलगे गोऱ्यांनी मारले. दोघांचा हिशेब एकच, आणि शेवटी मेलेल्या स्कारची टाळू ईथन कापतो.

प्रतिसाद ३ : तो दगड वाचता यायला हवा, म्हणून टीव्हीवरचा 'झूम' बंद, हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंगही बंद, पडदे ओढलेले. चित्रण व्हिस्टाव्हिजनचं आहे : ३५ मिमी फिल्म आडवी धावते, एका चित्रचौकटीला कडेची ४ ऐवजी ८ छिद्रं. इतक्या मोठ्या निगेटिव्हवरचा तपशील उजेडाच्या खोलीत वाया जातो. पहिल्या आणि शेवटच्या दृश्यातल्या दाराची काळी चौकटही करडी दिसते.

आधी पाच मिनिटं बोला, निव्वळ माहितीचं : स्कार झालेला हेन्री ब्रँडन बर्लिनमध्ये जन्मलेला, कोमांची म्हणून दिसणारे बरेचसे नावाहो, 'टेक्सस' म्हणजे युटा-ॲरिझोना सीमेवरची, नावाहोंच्याच भूमीतली मॉन्युमेंट व्हॅली. मत देऊ नका, नाहीतर पोरं तुमचंच मत परत ऐकवतील.

प्रश्नकर्ता : आभार, प्रसंग ठेवतो. चर्चा कुठून सुरू करू?

प्रतिसाद १ : डेबीपासून. आधी 'हीच माझी माणसं' म्हणणारी मुलगी शेवटी मुकाट घरात जाते आणि दार बंद होतं. मग खऱ्या आयुष्यातल्या सिंथिया ॲन पार्करबद्दल सांगा : १८३६ मध्ये कोमांचींनी पळवली, १८६० मध्ये टेक्सस रेंजर्सनी परत आणली. ती गोऱ्यांत कधीच रमली नाही, मुलांकडे परत जायला धडपडत राहिली. तिचा मुलगा क्वाना पुढे कोमांचींचा नेता झाला.