ऐन, किंजळ, जांभळाची वाढ मंदावली का, हे कसं ओळखायचं?

प्रश्न (रानवाट, पाटण):
घाटमाथ्याच्या उतारावर जांभा खडकाच्या जमिनीत ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ असं मालकीचं रान आहे. पाऊस भरपूर पडतो, तरी वाढ खुंटल्यासारखी वाटते. कारण उन्हाळा असेल का? मोजायचं कसं?

उत्तर १ (पानगळ):
पावसाच्या एकूण आकड्यावर जाऊ नका. जांभ्यावर मातीचा थर पातळ, जुलैचं पाणी वाहून जातं. खरा फरक पडतो तो हवेच्या कोरडेपणाने. हवेत बाष्प तेवढंच राहून तापमान 32 वरून 34 अंशांवर गेलं, तर हवेची तहान साधारण पाचव्या हिश्श्याने वाढते. पाणी वाचवायला झाड पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) मिटतं, मग कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) आत येत नाही आणि अन्न कमी बनतं. उबदार रात्री श्वसनात साठा जास्त खर्च होतो, तो तोटा वेगळाच. ऐन आणि किंजळ पानं गाळून सुटका करून घेतात, पण ओल लवकर संपली तर त्यांचा वाढीचा हंगामच आखडतो. जांभूळ, अंजनी मात्र एप्रिल-मेमध्येही पानं धरून असतात. सगळा ताण त्यांच्यावर.

उत्तर २ (घेर_१३७):
प्रत्येक जातीची निदान दहा झाडं घ्या. उताराच्या वरच्या बाजूने जमिनीपासून 1.37 मीटरवर रंगाची रेघ मारा, टेप तिथेच लावा. घेराला 3.14 ने भागलं की व्यास. दरवर्षी मार्चच्या त्याच आठवड्यात मोजा, कारण पावसात साल फुगते आणि झाड वाढल्याचा भास होतो. ऐनाच्या भेगाळ सालीचे सुटे पोपडे पहिल्याच वेळी हलक्या हाताने काढा, जिवंत साल खरवडू नका. दरवर्षी काढत बसलात तर आकडा फसतो. दोन वर्षांवरून निष्कर्ष नको, पाच तरी हवीत.

रानवाट: कर्बवायू वाढला की झाडं जोमाने वाढतात म्हणतात, ते?

उत्तर १ (पानगळ):
अर्धंच खरं. औद्योगिक काळाआधी हवेत तो दहा लाखांत सुमारे 280 भाग होता, आता 420 च्या वर आहे. जास्त कर्बवायूत पर्णरंध्रं थोडी मिटूनही काम भागतं, पाणी वाचतं. पण जांभ्यात स्फुरद (फॉस्फरस) कमी, त्यामुळे तो फायदा लवकर थांबतो.

उत्तर ३ (जाळरेषा):
मोठ्या झाडांइतकंच रोपांकडे बघा. जांभळाचं बी सुकलं की मरतं. फळं गळून पाऊस लांबला तर त्या वर्षीचं बी वाया. पिकलेली फळं मिळताच गर धुऊन आठवड्याच्या आत पिशवीत पेरा. शिवाय फेब्रुवारीआधी कडेचं गवत कापून जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढा. एक वणवा पाच-सहा वर्षांची रोपं संपवतो.