मदत हवी आहे: लेखकाला माहीत असलेलं पात्राच्या तोंडी येऊ नये म्हणून काय करता?

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण मिळून मराठीत एक सायबरपंक कथा, म्हणजे हॅकर आणि बलाढ्य कंपन्यांच्या भविष्यातली कथा, लिहितोय. जग 'सायबरपंक रेड' या फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळातलं, म्हणजे २०४५ सालची नाइट सिटी. प्रत्येकाचं एक पात्र, आळीपाळीने लिहायचं. गेम मास्टर, म्हणजे कथा चालवणारा, मी.

राख ही आमची नेटरनर, म्हणजे हॅकर. एका गोदामातल्या सर्व्हरमधून तिला कळलं, की आपली फिक्सरच, म्हणजे कामं मिळवून देणारी दलालच, आपल्याला कॉर्पोरेशनला विकतेय. तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही, पण तो प्रसंग वाचलाय सगळ्यांनी. लगेच पुढच्या भागात शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेला आमचा सोलो (भाडोत्री लढवय्या), डिएगो, त्याच फिक्सरने पुढे केलेला ग्लास नाकारतो! त्याच्या लेखकाला विचारलं तर म्हणाला, "सोलो आहे, सावध असणारच." हे खोडून तरी कसं काढायचं?

राजेरजवाड्यांच्या कथेत बातमी पोचायला घोडेस्वार लागतो. इथे प्रत्येकाच्या खिशात एजंट, म्हणजे स्मार्टफोनसारखं यंत्र, असतो, त्यामुळे 'तिने मेसेज केला असेल' ही पळवाट कायम उघडी. हॅकिंगपुरतं तरी नियम वाचवतात. या जगात डेटाक्रॅशनंतर, म्हणजे जागतिक नेटवर्क कोसळल्यानंतर, जुनं नेट राहिलेलं नाही, नेटरनरला अॅक्सेस पॉइंटच्या (तिथल्या नेटवर्कला जोडायच्या जागेच्या) सहा मीटरच्या आत जावंच लागतं. घरबसल्या माहिती काढली, असं कुणी लिहू शकत नाही.

शिवाय दोघांनी २०२० साली आलेला 'सायबरपंक २०७७' हा व्हिडिओ गेम खेळलाय. त्यांची पात्रं २०४५ मध्येच त्या गेममधल्या, माणसाचं मन साठवणाऱ्या रेलिक चिपबद्दल बोलायला लागतात, तीही बाजारात सहज मिळत असल्यासारखी. हे निदान सांगितलं की दुरुस्त होतं.

कोणाला काय कळलं, कोणाकडून कळलं, याचा एक तक्ता केलाय. पण खात्री, संशय आणि गैरसमज त्यात एकाच रकान्यात पडतात. मला तर गैरसमजच सगळ्यात मोलाचा वाटतो. आमच्या टेकला (यंत्रं दुरुस्त करणाऱ्या पात्राला) भाऊ मेलाय असं वाटतं, तो जिवंत आहे हे आपल्याला माहीत आहे, म्हणून तिचा प्रत्येक संवाद लागतो. यामुळेच गुपितं खासगीत लिहायला मी तयार नाही.

आता प्रश्न. कथेत निरोप लिहिलेला नसेल तर तो पोचलाच नाही, असा कडक नियम कुणी पाळलाय का? त्याने वेग मरतो का? आणि संशयासाठी फासे टाकावेत का? खेळात ह्युमन पर्सेप्शनचं, म्हणजे समोरच्याचं मन ओळखण्याचं, कौशल्य आहेच, डिएगोचा फासा पडला तर त्याने ग्लास नाकारावा, नाही तर प्यावा. पण लिखित कथेत फासे आणायला दोघांचा ठाम विरोध आहे.

पुढचा भाग शनिवारी जातोय. डिएगोचा प्रसंग पुन्हा लिहायला सांगू, की तसाच ठेवून त्याला संशय येण्याजोगं काहीतरी आधीच्या भागात पेरू? दुसरं केलं तर राखेच्या गुपिताची किंमत कमी होईल असं मला वाटतं. ज्यांनी अशा कथा चालवल्यात त्यांनी कृपया सांगा.