नानकटाईच्या ट्रेवरचे जळके डाग घरच्या वस्तूंनी कसे काढावेत?

केतकी_सातारा
नानकटाईचे दोन ट्रे आणि केकचं एक गोल भांडं, सगळं अ‍ॅल्युमिनियमचं. ट्रेच्या कोपऱ्यांत तुपाचा तपकिरी थर बसलाय, नखानेही सुटत नाही. केकच्या भांड्यात अननसाचा उलटा केक केला होता, त्याची साखर तळाला जळून काळी झालीय. सोड्यावर व्हिनेगर ओतून पाहिलं. फेस भरपूर आला, डाग होते तिथेच. दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर आल्यात, कुणी सांगेल का?

गोडबोल्या
धुण्याचा सोडा पाण्यात टाकून दहा मिनिटं उकळा. आमच्या स्टीलच्या पातेल्यांचा सगळा जळका थर असाच निघतो.

चिंचकोळ
केतकीताई, कृपा करून हे अ‍ॅल्युमिनियमला करू नका! स्टीलला उत्तम आहे, पण अ‍ॅल्युमिनियमवर जो पातळ संरक्षक थर असतो तो धुण्याचा सोडा खातो आणि भांडं काळं पडतं. खायचा सोडाही उकळू नका, कारण उकळल्यावर त्याचाच हळूहळू धुण्याचा सोडा होतो.

तुमच्या फेसाचं म्हणाल तर व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. एकत्र आले की दोघांचा जोर संपतो आणि उरतं जवळजवळ खारट पाणी. वापरायचे तर वेगवेगळे वापरा.

आधी साखर, ती सोपी आहे. भांड्यात डाग बुडेल इतकं पाणी घालून मंद आचेवर उकळी आणा, गॅस बंद करून तासभर तसंच ठेवा. साखर पाण्यात विरघळते, उरलेला कोळसा लाकडी उलथन्याने सुटतो. सोडा लागतच नाही.

तुपाचं काम चिवट. तूप-तेल पातळ पसरून ओव्हनमध्ये पुन्हा पुन्हा तापलं की रंगासारखं वाळून घट्ट होतं. बिडाच्या तव्यावर तोच थर आपण मुद्दाम चढवतो. ट्रे गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून भिजवा. मग खायच्या सोड्यात थोडंच पाणी घालून दाट लेप करा, फक्त डागावर लावा, पंधरा-वीस मिनिटांनी ओल्या काथ्याने घासा. रात्रभर ठेवू नका. एका फेऱ्यात सगळं निघणार नाही, पुन्हा लेप लावा. शेवटी ट्रे काळपट दिसला तर पाण्यात चिंच किंवा पिळलेल्या लिंबाच्या साली घालून थोडा वेळ उकळा, चकाकी परत येते. ट्रे पातेल्यात मावत नसेल तर तेच गरम पाणी ट्रेमध्ये ओता.

रानजाई
माझं केकचं भांडं नॉनस्टिक आहे, त्याला हाच लेप चालेल?

चिंचकोळ
लेप चालेल, काथ्या नको. मऊ स्पंज घ्या. थराचे पोपडे निघत असतील तर मात्र त्यात भाजणं थांबवा.

केतकी_सातारा
साखर खरंच नुसत्या पाण्याने निघाली! ट्रे बराच उजळलाय, पण बाहेरच्या कडांवर तपकिरी झाक आहेच. अजून घासू का?

चिंचकोळ
नको. चिकट लागत नसेल आणि वास येत नसेल तर ती झाक राहू दे, नानकटाईला तिचा त्रास नाही. जास्त घासून पत्र्यावर चरे पडले तर पुढचं तूप त्यांतच बसेल. ऑर्डरीच्या वेळी ट्रेवर बटर पेपर घाला, आणि कोपऱ्यांत तूप लावूच नका. नानकटाईत स्वतःचंच भरपूर असतं.