जुन्या केसमधे गुन्हा कबूल केलेला, आता तेच अंगाशी आलंय

नाशिककर७७:
मामेभावाची केस आहे. २०२१ ला मोबाईल चोरीत आत गेला, जामिनाला कोणी उभं राहीना, तेव्हा बराकीतल्याच कोणीतरी सांगितलं कबूल करून टाक, भोगली तेवढ्यावर सुटशील, आणि खरंच त्याच दिवशी बाहेर आला. आयपीसी (जुना दंड कायदा) कलम ३७९. आता परत चोरीची केस, ह्या वर्षीची, आणि सरकारी वकील म्हणतात मागची शिक्षा आहे, म्हणजे कमीत कमी एक वर्ष सक्तमजुरी. पोरगा म्हणतो तेव्हा जज काय बोलले तेच कळलं नव्हतं. हे आत्ताच्या कोर्टाला सांगून जुनी कबुली उडवता येईल का?

कोर्टाची_पायरी:
आत्ताच्या कोर्टात नाही उडणार. ते मॅजिस्ट्रेट जुन्या मॅजिस्ट्रेटच्या निकालावर अपील ऐकत नाहीत ना. कबुलीवर शिक्षा झाली की अपील फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर का एवढ्यावरच, म्हणून सेशन्स कोर्टात रिव्हिजन (खालच्या कोर्टाचा निकाल तपासा असा अर्ज) टाकावी लागेल. मुदत ९० दिवस, ती कधीच गेली, म्हणजे सोबत उशीर माफीचा अर्ज. आधी जुन्या केसचा रोजनामा (कोर्टाची तारखेतारखेची नोंद) आणि प्लीच्या, म्हणजे कबुली नोंदवलेल्या, कागदाची नक्कल काढा. बऱ्याचदा छापील फॉर्म असतो, त्यात "गुन्हा कबूल आहे का? होय" आणि खाली सही नाहीतर अंगठा, बास. चार्ज समजावून सांगितला का, वकील होता का, हे त्यातच दिसेल. "तेवढ्यावर सोडतो" असं सांगून कबुली घेतली असेल तर कासमभाई अब्दुलरहमानभाई शेख विरुद्ध गुजरात (१९८०) वाचा, तिथे सुप्रीम कोर्टाने अशी शिक्षा टिकू दिली नाही. पण इथे सांगणारा बराकीतला कैदी, कोर्ट नाही, त्यामुळे फार भरवसा ठेवू नका.

ज्युनियर_सातारा:
वरचं बरोबर, पण तुमचा खरा मुद्दा वेगळाच आहे. ते एक वर्ष बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेला नवा कायदा) ३०३(२) मधलं, आणि तिथे "ह्या कलमाखाली" दुसऱ्यांदा दोषी असं लिहिलंय. भावाची जुनी शिक्षा आयपीसीखालची, म्हणजे ह्या कलमाखालची नाहीच. हा मुद्दा लेखी घ्याच. दुसरं म्हणजे मागची शिक्षा चार्जमधे तारीख-ठिकाणासह लिहावी लागते, आणि ह्या केसमधे दोषी ठरल्यावरच विचारतात. तेव्हा पोराने घाबरून "हो साहेब" म्हणू नये, नाकारलं की सरकार पक्षाला नक्कल आणून सिद्ध करावं लागतं की तो माणूस हाच.

जर्सीसिटीकर:
इकडे अमेरिकेत पण हेच रडगाणं. फेडरल कोर्टात बंदुकीच्या केसमधे मागच्या तीन ठराविक शिक्षा असल्या की कमीत कमी १५ वर्षं, आणि तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या कस्टिस (१९९४) निकालानुसार त्या सुनावणीत जुनी शिक्षा उकरता येत नाही, वकीलच दिला नव्हता एवढं सोडून.

नाशिककर७७:
लीगल एडचे वकील म्हणतात आत्ता पण कबूल करा, लवकर सुटेल??

कोर्टाची_पायरी:
अजिबात नाही. आधी नक्कल काढा, मग बोलू. प्लीच्या कागदावरचं नाव झाकून इथे टाकलंत तरी चालेल.