ग्रिडच्या सेलमध्ये नको ती की पडूच द्यायची नाही, की लिहू देऊन मग तपासायचं?

यार्डातला_पोर: सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानाचं हळदपट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाचं, सॉफ्टवेअर सांभाळतो. विनफॉर्म्समध्ये (विंडोजचे प्रोग्राम लिहायची मायक्रोसॉफ्टची चौकट) केलेलं, त्यात डेटाग्रिडव्ह्यू, म्हणजे ओळी-रकान्यांचा तक्ता. शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई. माझं म्हणणं, वजनाच्या सेलमध्ये आकडा आणि टिंब सोडून काही उमटताच कामा नये. सौदे संपले की दिवाणजी मान खाली घालून पट्ट्या मारत सुटतात. मध्येच चुकीचा निरोप दाखवणारी खिडकी उघडली की माझा उद्धार होतो. एडिट चालू असताना फोकस आतल्या टेक्स्टबॉक्सकडे असतो, ग्रिडच्या कीप्रेसला (की दाबली की येणाऱ्या इव्हेंटला) पत्ताच लागत नाही. म्हणून एडिटिंगकंट्रोलशोइंगमध्ये, म्हणजे तो टेक्स्टबॉक्स उघडताना, त्यालाच हँडलर (की आली की चालणारा कोड) लावला. चार.इजडिजिटनं 'अंक नाही' म्हटलं तर हँडल्ड ट्रू, म्हणजे की तिथंच गिळायची. विषय संपला.

कृष्णाकाठ: कुठला संपतोय! उजवं क्लिक करून पेस्ट कर. कीप्रेस होतच नाही, 'बावन्न किलो' सरळ आत. कंट्रोल-व्हीचंही तेच, बॅकस्पेस चालावा म्हणून कंट्रोल कॅरेक्टर (न उमटणाऱ्या की) सोडली असशीलच.

आणि खरी गंमत पुढं आहे. नाव मराठीत लिहून झालं, कीबोर्ड मराठीच राहिला, वजनात ५२ पडलं. इजडिजिट खुशाल सोडतं, कारण युनिकोडच्या लेखी देवनागरी अंकही अंकच. पण मजकुराची संख्या करणाऱ्या डेसिमल.पार्सला फक्त इंग्रजी आकडे कळतात. म्हणजे राखणदारानं सोडलेला माणूस माजघरात चोर ठरला! तपास सेलव्हॅलिडेटिंगमध्येच (सेल सोडताना येणाऱ्या इव्हेंटमध्ये) हवा. दारात नुसता देखावा.

यार्डातला_पोर: दिवाणजी आकडे नमपॅडवर मारतात, तिथं इंग्रजीच येतात. पेस्ट ते कधी करत नाहीत. आणि तुमच्या सेलव्हॅलिडेटिंगमध्ये कॅन्सल ट्रू केलं की माणूस त्या सेलमध्ये अडकतो. एस्केप दाबा हे त्यांना कोण सांगणार, तुम्ही येता का यार्डात?

कृष्णाकाठ: येतो, चहा पाज. कॅन्सल करायलाच कोण सांगतंय? सेलला एररटेक्स्ट दे, लाल खूण दिसेल, माणूस पुढं जाईल. पट्टी छापताना अडव.

मिरज_जंक्शन: दोघंही अडवण्यावरच भांडताय. कीप्रेसमध्ये कीचार, म्हणजे आलेलं अक्षर, बदलता येतो की! ५ आला तर त्याजागी इंग्रजी पाच ठेवा. दिवाणजींना कळणारही नाही. पेस्टसाठी मात्र शेवटचा तपास लागणारच, तिथं कृष्णाकाठ बरोबर आहेत.

एक विचारतो, हँडलर लावण्याआधी जुना काढता का? टेक्स्टबॉक्स तोच तोच परत वापरला जातो. काढला नाही तर नावाच्या सेलमध्येही अक्षर उमटायचं नाही.

यार्डातला_पोर: ...तरीच. परवा 'नाव लिहिताच येईना' म्हणून फोन आला होता, मी कीबोर्ड बदला म्हणून सांगितलं.

काढतो. कीचारचं पटलं, आज रात्रीच घालतो. एररटेक्स्टचं अजून पटलेलं नाही. लाल खूण बघायला दिवाणजी स्क्रीनकडं बघायला तर पाहिजेत.

कृष्णाकाठ: आणि टिंब एकदाच चालेल असं लिहिलं असशील, तर आधीचं 52.350 पूर्ण सिलेक्ट करून .5 लिहून बघ. नवं टिंब पडणार नाही. सिलेक्शन वगळून टिंबं मोज.