पाझर तलावात सकर मासा: पाणी कमी आहे तोवर काय करता येईल?

काठावरचा
भीमेच्या खोऱ्यातला पाझर तलाव आहे. सध्या दीड हेक्टरभर पाणी उरलंय, सरासरी खोली दीड-दोन फूट. जाळ्यात वीतभर लांब, काळपट, पोटाखाली तोंड असलेले मासे येतायत. कोणी म्हणतं सकर (काचेच्या टाकीत पाळतात तो परदेशी मासा), कोणी म्हणतं आपला मळ्या. सकर असेल तर मोहाची पेंड टाकून तलाव साफ करता येईल का? पावसाळ्यात 'देशी' म्हणून कटला-रोहू-मृगळ सोडायचा विचार आहे.

खळाळ
वर्णनावरून सकर वाटतोय, पण मासा हातात घेऊन खात्री करा. (हातमोजे घाला.) मळ्याला मऊ खवले असतात, काटा कुठेच नाही, आणि तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहणारा मासा. वीतभर वाढला तरी खूप. सकरला खवलेच नसतात. अंगभर हाडाच्या पट्ट्यांच्या रांगा असतात. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर किसणीवर फिरवल्यासारखं लागतं. पाठीवरचा पर शिडासारखा उभा राहतो: पुढे एक जाड काटा, मागे १० किंवा जास्त मऊ काड्या. त्याच्या मागे शेपटीजवळ आणखी एक छोटा पर. हा दुसरा पर दिसला की मळ्याचा प्रश्नच मिटला.

जाता जाता: मळ्याचं शास्त्रीय नाव 'गारा मुल्या' आहे. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापली तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावंच लॅटिनमध्ये बसवली. खडशी या महासीर माशाचं 'खुद्री' झालं ते असंच. सकर मात्र दक्षिण अमेरिकेतला. काचेच्या टाकीतलं शेवाळ खायला म्हणून आणला जातो, मोठा झाला की लोक नदी-तलावात सोडून देतात.

गाळपेर
पेंडीचं आधी बोलू. मात्रा हेक्टरी १ मीटर खोलीला २५०० किलो. तुमच्याकडे दीड हेक्टर गुणिले अर्धा मीटर, म्हणजे १९ क्विंटलच्या आसपास. पेंडीतलं सॅपोनिन नावाचं विषारी द्रव्य कल्ल्यांतून रक्तात जातं, तांबड्या पेशी फुटतात, मासा मरतो. विषार उतरायला तीन आठवडे लागतात. प्लास्टिक अंथरलेल्या स्वतःच्या शेततळ्यात हे चालतं. पाझर तलावात टाकू नका. तलावाचं कामच खालच्या विहिरींना पाणी देणं आहे. शिवाय सार्वजनिक पाण्यात मासे मारायला विष घालणं मत्स्य कायद्याप्रमाणे गुन्हा. आणि एवढं करून मरतात कोण, तर उघड्यावरचे वाम, मरळ, शिंगटे. तलावाच्या भरावातल्या (बांधातल्या) बिळात बसलेल्या सकरपर्यंत ते पाणी धड पोचतही नाही.

म्हणून हातानेच. पाणी आणखी उतरू द्या, मे अखेरीस तळाशी डबकं राहील. मग ओढीचं जाळं एका काठाकडून दुसऱ्याकडे, तीन-चार दिवस सलग. सकर जाळ्यात काटे ताठ करून अडकतो. ओढून काढाल तर जाळं फाटेल, तेवढा फास कापा. पाणी हटलं की भरावाच्या आतल्या उतारावर मुठीएवढी बिळं दिसतील. नर त्यात अंडी राखतो. बिळं मीटरभर आतही जातात, त्यामुळे मासा आणि अंडी काढून झाल्यावर प्रत्येक बीळ मुरमाने ठोकून भरा. तसंच सोडलं तर पहिल्या भरतीला भराव तिथेच खचतो.

पकडलेले काठावर फेकू नका. सकर पोटातून हवेतला प्राणवायू घेतो, ओलाव्यात तासन्‌तास जगतो, रात्रीत पाण्यात परततो. डोक्यावर फटका मारून खड्ड्यात पुरा.

काठावरचा
चुना टाकू का? आणि मरळ सोडली तर सकर खाईल का?

गाळपेर
चुन्याची गरज बहुधा नाही. काळ्या मातीचा सामू (पीएच) मुळात ७.५ च्या वर असतो, उगाच आणखी चढेल. मरळ पिल्लं खाईल. बोटापेक्षा मोठ्या सकरचे काटे उभे राहिले की गिळता येत नाहीत.

नुकटा
'देशी' या शब्दावर थोडं. कटला, रोहू, मृगळ भारतीय आहेत, पण मूळचे गंगेकडचे; कृष्णा-भीमेत माणसाने आणले. धंद्यासाठी सोडायचे तर सोडा, हेक्टरी दोन-अडीच हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) पुरे. फक्त त्याला संवर्धन म्हणू नका. इथल्या नद्यांचा हवा तर लेबिओ फिम्ब्रिएटस बघा. ओठांना झालर असलेला, रोहूपेक्षा हळू वाढणारा मासा. त्याचं मत्स्यबीज (पिल्लं) बंगळूरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या केंद्रात तयार केलं गेलंय.

खडशी दुर्मीळ म्हणून कुठेही सोडायचा मोह होतो, तोही टाळा. लोणावळ्यात पैदास केलेली खडशी संवर्धनाच्या नावाने कावेरीत गेली, तिथे ती फोफावली, आणि तिथला मूळचा कुबडाचा महासीर २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त यादीत आला. दोन्ही भारतीयच, पण खोरं वेगळं.

खळाळ
शेवटचं काम सांडव्याचं. बारीक जाळी आडवी लावली की पहिल्याच पुरात पालापाचोळ्याने बुजते आणि पाणी भरावावर चढतं. बांबूचा ताटवा तिरका लावा, आधी कचरा अडेल असा, आणि त्याच्या मागे जाळी. पावसात रोज झाडावी लागेल.

बीज आलं की पिशवी थेट तलावात ओतू नका. पांढऱ्या टबात थोडं थोडं ओता, पाच मिनिटं थांबा. कटला-रोहूची पिल्लं घोळक्याने फिरतात. टबाच्या कडेला किंवा तळाला तोंड चिकटवून बसलेलं काळं पिल्लू दिसलं तर ती अख्खी खेप परत करा.